तक्रार निकाली निघाली, विश्वास उडाला

लक्ष्मीनगरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच. घरी हा विषय काढला की आईचा चेहरा उतरतो, म्हणून इथे.

मी नागपूरच्या लक्ष्मीनगरात वाढलो. गेली १३ वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करतो. बाबा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पहाटे साडेपाचला फिरायला निघायचे, कधी खंड नाही. या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आदल्या दिवशी, रात्रभर पाऊस झाला होता. फुटपाथवर घोटाभर पाणी, आणि त्या पाण्याखालच्या चेंबरला झाकण नव्हतं. बाबांचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. दूधवाला आणि कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा, दोघांनी मिळून त्यांना वर ओढलं, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तोवर ऑपरेशन झालेलं होतं.

दवाखान्यात बाबांना पाहून वाईट वाटलं, पण तेव्हा विश्वासबिश्वास काही उडाला नव्हता. माणूस कुठेही पडतो. श्टुटगार्टलाही दर हिवाळ्यात बर्फावरून घसरून लोक हाडं मोडून घेतात. जे झालं ते पुढे झालं.

दवाखान्यातूनच मी ऑनलाइन तक्रार टाकली. फोटो, नकाशावरची जागा, जवळची खूण, सगळं दिलं. सहाव्या दिवशी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सोबत झाकण बसवलेल्या चेंबरचा फोटो. मला इतकं बरं वाटलं की मोबाइल तसाच बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “हे आपलं चेंबर नाही रे.” आमच्या चेंबरला लागून कडुनिंब आहे, त्याच्या मुळांनी फरशा उचलल्यात. फोटोत जमिनीवर गुलमोहराच्या शेंगा पडल्या होत्या आणि मागे निळं शटर होतं.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. भोक तसंच. त्यात कुणीतरी निंबाची फांदी खोचून ठेवली होती आणि फांदीच्या शेंड्याला लाल चिंधी.

दुसरी तक्रार केली. चार दिवसांत निकाली, फोटो तोच. तिसरी केली, तीही निकाली. तेच गुलमोहर, तेच निळं शटर.

मग प्रत्यक्ष गेलो. एका कार्यालयात म्हणाले, हे सांडपाण्याचं चेंबर, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, पावसाळी नालीचं आहे. तिसरीकडे म्हणाले, केबलवाल्यांचं असेल, त्यांना विचारा. मी मोबाइलवर तो फोटो दाखवला आणि विचारलं, मग हा फोटो कुणी टाकला? समोरचे गृहस्थ वयानं मोठे होते. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, बाबांची चौकशी केली. आणि म्हणाले, “निकाली काढल्याशिवाय आकडा खाली येत नाही, साहेब.” ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मला तेच फार लागलं.

आता तिकडची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत. त्या श्वाबेन भागात ‘केरवोखे’ नावाची जुनी पद्धत आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर एक पाटी लटकते. त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, घरासमोरचा फुटपाथ साफ ठेवायचा. काम झालं की पाटी शेजारच्या दारावर नेऊन लावायची. पहिल्या वर्षी एकदा मला ऑफिसातून यायला उशीर झाला आणि मी जिना न पुसताच पाटी पुढे लावून टाकली. थोड्या वेळानं समोरच्या आजी पाटी हातात घेऊन दारात उभ्या. तेव्हा ऐंशीच्या होत्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, पाटी माझ्या दाराला आली म्हणजे मी जिना पुसलाय असं धरून चालते, आणि त्या हिशोबानं पाय टाकते. रात्री साडेनऊला मी तळापासून वरपर्यंत जिना पुसून काढला.

पाटी आली म्हणजे जिना पुसलेला आहे. झालं असं लिहिलंय म्हणजे झालेलं आहे. १३ वर्षांत हे माझ्या अंगात इतकं मुरलं की मी ते जगभर असंच असतं असं धरून चाललो. बाबांना तो फोटो दाखवताना माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. बाबांच्या मात्र आली. ज्या माणसानं आयुष्यभर आम्हाला १५ ऑगस्टला पहाटे उठवून शाळेत नेलं, त्या माणसाला फोटो मोठा करून बघावासा वाटला.

पुढच्या वर्षी नागपूरला कायमचं परतायचं आमचं ठरलं होतं. आता तिकडच्या घरी टेबलाच्या खणात जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून पडलाय. जून २०२४ पासून तिथला कायदा बदलला, पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो आणि त्यांच्या बाजूनं जुनं नागरिकत्व सोडण्याची अट राहिली नाही. पण आपला १९५५ चा कायदा दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं काढून घेतो. म्हणजे तो अर्ज टपालात टाकला की पुढे हा पासपोर्ट गेला. मी अर्ज पाठवलेला नाही. फाडलेलाही नाही.

जे बाहेर राहून परत आलेत त्यांना विचारायचंय, तुम्ही इथे भरवसा कशाच्या जोरावर ठेवता? आणि जे कधी गेलेच नाहीत त्यांनाही तेच विचारायचंय.

---

संत्रीवाली

काका आता कसे आहेत? आधी ते सांगा. चालायला लागले का?

---

लक्ष्मीनगरचा

विचारल्याबद्दल आभार ताई. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. फिजिओथेरपीवाली मुलगी एक दिवसाआड येते. फाटकापर्यंत जातात, बाहेर पडत नाहीत. पायात बळ आहे असं डॉक्टर म्हणतात. मी सप्टेंबरमध्ये परत गेलो होतो, दिवाळीला पुन्हा आलो. १६ तारखेचं विमान आहे.

---

वर्धारोडवरून

काकांना लवकर बरं वाटो. पण मुद्दा पटला नाही, स्पष्टच लिहितो.

तुमच्या श्टुटगार्टच्या रेल्वे स्टेशनचं काय? जमिनीखालच्या नव्या स्टेशनचं काम २०१० ला सुरू झालं, २०१९ ला उघडायचं होतं, २०२५ संपत आलं तरी बांधतायत. खर्च साडेचार अब्ज युरोवरून ११ अब्जांच्या पुढे गेलाय. आपल्या मेट्रोचं काम २०१५ ला सुरू झालं आणि मार्च २०१९ मध्ये आम्ही खापरीहून सीताबर्डीला तिच्यातून आलो. डिसेंबर २०२२ पर्यंत पहिला टप्पा पूर्ण. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये वेळेवर किती धावल्या? ६२.५ टक्के. हे त्यांच्याच रेल्वेचे आकडे आहेत.

प्रत्येक देशात काहीतरी मोडकं असतं. एका झाकणावरून देशावरचा विश्वास उडाला म्हणणं मला जड जातं.

---

लक्ष्मीनगरचा

तुमचे आकडे बरोबर आहेत. त्या स्टेशनाच्या पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून मी रोज ऑफिसला जातो, त्यामुळे तो विलंब मला चांगला माहीत आहे. आणि परदेशी लोकांच्या कार्यालयात नुसती भेटीची वेळ मिळायला मी पाच महिने थांबलोय. तिकडे सगळं सुरळीत आहे असं माझं म्हणणंच नाही.

पण बघा, ६२.५ टक्के हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला? त्यांनीच छापला म्हणून. गाडी उशिरा आहे तर फलाटावर लिहितात, उशिरा आहे. मला उशीर चालतो. तीन महिने झाकण नाही बसलं, ‘काम प्रलंबित’ असा मेसेज आला असता तर मी हा धागा काढलाच नसता. माझा आक्षेप त्या फोटोला आहे.

---

इतवारीकर

मी वयानं तुमच्यापेक्षा मोठा असेन, म्हणून लिहितो, रागावू नका. ज्यांनी इथे राहून चाळीस वर्षं दुकान चालवलं, कर भरला, रांगेत उभे राहिले, त्यांनी उणं काढलं तर शोभतं. तुम्ही बारा-तेरा वर्षं तिकडचं खाल्लं, वर्षातून पंधरा दिवस येता आणि चेंबर मोजता. तो अर्ज पाठवून द्या. तुम्हालाही सुटल्यासारखं होईल. सरकारनं संसदेत दिलेला आकडा आहे, २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजार ६२० लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी दोन लाखांच्या वरच. देश चालतोच आहे.

---

संत्रीवाली

काका, त्यांचे वडील पडलेत. चेंबर मोजायला नाही आले ते.

---

रात्रपाळी

मी ट्रॉमा विभागात सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. देशावर विश्वास वगैरे मोठं बोलता येत नाही, मी जे रोज पाहते ते लिहिते.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. लोकसंख्येचा फरक धरला तरी लाखामागे तिकडे साधारण तीन-साडेतीन, आपल्याकडे बारा. तेव्हा लक्ष्मीनगरचा जे म्हणतात त्याला नुसतं ‘सगळीकडेच असतं’ म्हणून झटकता येणार नाही. हा फरक स्ट्रेचरवर कसा दिसतो ते आम्हाला माहीत आहे.

दुसरीही बाजू आहे. मी लागले तेव्हा, २००६ च्या सुमाराला, जखमीला आणणारा माणूस दारातच त्याला ठेवून पळायचा. पोलीस, कोर्ट, साक्ष, याची भीती. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, २०१९ ला ते मोटार वाहन कायद्यातच आले, कलम १३४ अ. आता आणणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. आणि गंमत बघा, सक्ती गेली तशी माणसं आपणहून नाव सांगायला लागली. परवा रात्री दोन वाजता एक डिलिव्हरीवाला पोरगा एका अनोळखी बाईंना घेऊन आला, सकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याच्या पाठीवरच्या खोक्यात कुणाचं तरी जेवण तसंच होतं. मी म्हटलं, जा आता घरी. तर म्हणाला, त्यांचं कुणी आलं की जातो.

कायदा कागदावर असतो म्हणून आपण सोडून देतो. हा एक कागद माझ्या डोळ्यांसमोर माणसांत उतरला. लागली दहा वर्षं.

---

उमरेडचा

नमस्कार जी. मी शेतकरी माणूस, मोबाइलवर लिहून राह्यलो, चुकलं तर समजून घेजा.

तुमचा लेख सगळा वाचला. तुम्ही त्या फोटोवर लय लिहिलं, मले त्या फांदीचं सांगा. ते फांदी कोनं लावली हे पाह्यलं का तुम्ही? निंबाची हिरवी फांदी दोन-चार दिवसांत सुकते. ऑगस्टपासून नोव्हेंबर झाला. मंग ते बदलून कोन राह्यलं? आमच्याकडं रस्त्यात विहीर पडकी असली तर असंच करतेत. ज्याले दिसलं त्यानं खोचावं, सरकारची वाट नाही पाहावं. भरवसा म्हनाल तर मी त्याले भरवसा म्हनतो.

---

लक्ष्मीनगरचा

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण खरं सांगू, मला त्या फांदीचाच सगळ्यात जास्त राग येतो. फांदी आहे म्हणून कुणी पडत नाही, कुणी पडत नाही म्हणून झाकण येत नाही. आपण सगळे फांद्या खोचण्यात इतके तरबेज झालो आहोत की झाकण मागायचं विसरलो. तिकडे त्या आजींनी माझा जिना स्वतः पुसून टाकला असता तर मी आयुष्यभर तसाच राहिलो असतो.

---

कडबी_चौक

गाडीवरून जाता येता अशा फांद्या दिसतात पण कधी विचार केला नव्हता. वाचतोय.

---

निळं_आभाळ

माझा प्रतिसाद थोडा वेगळा आहे आणि कुणाला लागावा म्हणून लिहीत नाही.

मी उत्तर नागपुरातली, इंदोऱ्याची. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. मिल १८७७ ची, २००२ ला बंद झाली, आजोबा त्याआधीच गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी आणि आजोबा दीक्षाभूमीवर होते. आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं, तिनं जुनं लुगडं तीन दिवस धुवून धुवून उजळवलं होतं, ही गोष्ट आमच्या घरी दरवर्षी सांगितली जाते.

लक्ष्मीनगरचा, तुमचा विश्वास बाहेर जाऊन आल्यावर उडाला. आमच्या पणजोबांना तो कधी मिळालाच नव्हता. गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, तिथे झाकणाची गोष्ट कुठून काढायची? तुम्ही परदेशातून येऊन इथे जे पाहिलं, त्याहून भयंकर बाबासाहेबांनी पाहिलं. १९१३ ला ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. १९१७ ला बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत राहिले, जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. १९३१ ला मुंबईत मणिभवनात त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. इतकं उघड कुणी बोललं नसेल.

परदेशात राहून जाणं त्यांना अवघड नव्हतं. ते आले आणि हक्क लिहून ठेवले. मला यातून स्वतःपुरतं एवढं कळलंय की आमच्या घरात देशावर विश्वास ठेवा असं कुणी शिकवलं नाही. अर्ज कर, पोच घे, तारीख घालून घे, हे शिकवलं. आई आजही पोचपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. तुमच्या बाबांनी फोटो मोठा करून पाहिला याचं तुम्हाला दुःख झालं. आमच्याकडे फोटो मोठा करूनच पाहतात, पहिल्यापासून. त्याला विश्वास उडणं म्हणत नाहीत.

---

रात्रपाळी

ताई, पांढऱ्या लुगड्याचं वाचून थांबले थोडा वेळ. लिहीत राहा.

---

लक्ष्मीनगरचा

निळं_आभाळ, यावर लगेच काही लिहिणं बरं नाही. काल रात्री बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्या मुलीला विचार, अर्जाची पोच मिळते का आता.

---

मापाडी

पेशानं स्थापत्य अभियंता. वीस वर्षं कंत्राटी कामं केली, दुसऱ्या शहरांतली जास्त. ‘निकाली’ कसं होतं ते आतून सांगतो.

ऑनलाइन तक्रारीला मुदत असते. मुदतीत बंद झाली नाही तर ती वरच्या साहेबाकडे सरकते आणि खालच्याला खुलासा द्यावा लागतो. आठवड्याच्या बैठकीत कागदावर काय येतं? किती आल्या, किती बंद, किती बाकी. झाकण बसलं का हे त्या कागदावर येत नाही. खालच्या माणसाकडे चाळीस तक्रारी, गाडी एक, झाकणं संपलेली. तो फोटो चिकटवतो. मी हे बरोबर म्हणत नाही. मीही तरुणपणी असे फोटो चिकटवलेले पाहिलेत आणि गप्प बसलोय. ते आजही टोचतं.

झाकण जातं कसं? पूर्वी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची झाकणं असत, भंगारात चांगला भाव, म्हणून चोरी. मग आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची आली, ती जड गाडीखाली फुटतात. आता फायबरची बसवतात. दुसरी अडचण पातळीची. रस्त्यावर नवा थर चढला किंवा सिमेंटचा रस्ता झाला की चेंबरची चौकटही तेवढी वर उचलावी लागते. अंदाजपत्रकात ते काम धरलेलं नसेल तर चौकट खड्ड्यात राहते, किंवा रस्ता घरांपेक्षा उंच होतो. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको, सिमेंट रस्ता झाल्यावर कितीजणांच्या अंगणात पाणी शिरलं ते आठवा.

उघडं चेंबर म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यानंतर तिकडे झाकणाखाली जाळ्या बसवणं सुरू झालं. आणि गेल्या महिन्यात, १३ ऑक्टोबर २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली. मृत्यूला ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. तुमच्या बाबांचे दवाखान्याचे कागद, ऑपरेशनच्या नोंदी, जागेचे तारखेचे फोटो नीट ठेवा.

शेवटचं म्हणजे नगरसेवक. इथली मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून आज नोव्हेंबर २०२५ पर्यंत प्रशासक. साडेतीन वर्षं कुणाच्या दाराची कडी वाजवायची हा प्रश्न फक्त तुमचा नाही.

---

परत_आलो_२०१६

न्यू जर्सीत नऊ वर्षं राहून २०१६ ला नागपूरला परतलो. पहिली दोन वर्षं मी तुमच्यासारखाच होतो. रोज तुलना. बायको म्हणायची, तुम्ही शरीरानं आलात, बाकीचे अजून विमानातच आहात.

बदल झाला तो २३ सप्टेंबर २०२३ ला. त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी आमच्या भागात पहाटे शिरलं. तळमजल्यावर आम्ही, आई अंथरुणाला खिळलेली. वरच्या मजल्यावरच्या माणसाशी पार्किंगवरून माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. दार वाजलं तेव्हा तो आणि त्याचा मुलगा होते. आईला गादीसकट वर नेलं. ती चार दिवस त्यांच्या खोलीत राहिली. त्यानं मला पार्किंगबद्दल नंतरही एक शब्द ऐकवला नाही.

पण मी तुम्हाला या एका गोष्टीवर परत या म्हणणार नाही. शेजारी धावून आला म्हणून तलावाचं पाणी घरात येणं माफ होत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊनच मी इथे राहतो. काही रात्री झोप लागत नाही, जोराचा पाऊस आला की उठून नदीकडच्या खिडकीशी जातो. आलात तर हे धरून या.

---

इतवारीकर

मी मागे जरा जास्त बोललो. लक्ष्मीनगरचा, तुमच्या वडिलांचं वय माझ्याच जवळपासचं. माझ्या दुकानासमोरच्या नालीवरचं झाकण मी स्वतःच्या पैशानं बसवलं होतं, दोनदा. तक्रार केली नव्हती, करून काय होणार म्हणून. तुमचा ‘झाकण मागायचं विसरलो’ हा शब्द रात्री डोक्यात राहिला.

---

पोचपावती

कामाचं लिहितो, बाकी चर्चा चालू द्या.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कायदा २००५ चा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून पसारा नको. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘का’ ला उत्तर येत नाही. प्रती मागा. तुमच्या तीन तक्रारींचे क्रमांक घाला आणि मागा: तक्रार बंद करताना जोडलेला फोटो कुठल्या जागेचा त्याची नोंद, बंद करणाऱ्याचं पदनाम, त्या कामाची मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) नोंद. झाकण बसलंच नाही तर मोजमाप नाही, आणि मोजमाप असेल तर ते आणखी मोठं प्रकरण. कलम २ मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे, तोही मागा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम, पाच दिवसांत. ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत करता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रथम अपील.

निळं_आभाळ ताईंनी लिहिलं तसं, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

---

लक्ष्मीनगरचा

सगळ्यांचे आभार. उमरेडच्या दादांनी विचारलं होतं, फांदी कोण लावतं. मला माहीत नव्हतं, तीन महिने राग करत होतो पण विचारलं नव्हतं. आज दुपारी विचारलं.

कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादाच. बाबांना ज्यांनी वर ओढलं ते. मी गेलो तेव्हा शर्टाची कॉलर दाबत होते, कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली आणि मोबाइल काढला. त्यांनीही तक्रार केली होती. जुलैमध्ये, बाबा पडायच्या सहा आठवडे आधी. त्यांच्या मुलीनं टाकून दिली होती. त्यांनाही मेसेज आलेला, निकाली. मी फोटो पाहिला. गुलमोहराच्या शेंगा, निळं शटर.

तेव्हापासून ते फांदी लावतात. पानं गळली की रात्री दिसत नाही म्हणून आठवड्याला बदलतात. लाल चिंधी बायकोच्या साडीच्या फॉलची आहे, फाडून फाडून आता हातभर उरलीय. समोरच्या शिकवणीवर्गाची पोरं अंधारात सायकलनं येतात, त्यांच्यासाठी.

मग ते म्हणाले, “त्या दिवशी रातच्या पावसात फांदी वाहून गेली होती. मी सहाले येतो दुकानावर. गुरुजी साडेपाचले निघतात. मी तेवढा अर्धा तास आधी आलो असतो तर.” त्यांनी हे आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना दवाखान्यात पोचवल्यावर पुन्हा भेटायला तिथेही याच कारणानं आले नव्हते.

मला काहीच बोलता आलं नाही. ज्यांनी फोटो चिकटवला त्यांना झोप लागते, आणि ज्यानं फांदी लावली तो तीन महिने स्वतःला दोष देतोय. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी वॉकर मागितला. फाटकाबाहेर पहिल्यांदा आले, माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत गेले. पंचवीस मिनिटं लागली. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम चेंबरपाशी उभा राहिलो.

अर्जाचं काय करायचं ते ठरलेलं नाही, तो तिकडे खणातच आहे. माहितीच्या अर्जाचा मसुदा रात्री लिहिला. १४२ शब्द झालेत. अर्जदार म्हणून इस्त्रीवाले दादांचं नाव आहे, त्यांचा जुलैचा तक्रार क्रमांक पहिला घातलाय. त्यांनीच म्हटलं, माझी आधीची आहे. पण चेंबर नेमकं कुणाचं हे अजून कळत नाही, त्यामुळे वर कुणाचं नाव घालायचं इथे अडलोय.

---

मापाडी

पत्ता व्यक्तिगत संदेशातून कळवा. सोमवारी सकाळी ११ ला मी येतो. टेप आणि मोठा टॉर्च लागेल. आत केबल दिसते का, पाइप कुठल्या दिशेला जातो, आणि ओळीत आधीचं-नंतरचं झाकण कुठे आहे, एवढं पाहिलं की लाइन कुणाची ते सांगता येईल.

---

पोचपावती

सोमवारी मीही आहे. स्टॅम्प घेऊन येतो.

---

इतवारीकर

लोखंडी सळई लागली झाकण उचलायला तर दुकानात आहे, पाठवून देतो. कितीची लागेल?